जिऊ-जित्सूच्या नवशिक्याला हुकमी वाट द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

२०१८च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई क्रीडास्पर्धेत जिऊ-जित्सूचा, म्हणजे समोरच्याला जमिनीवर नेऊन पकडीने शरण आणण्याच्या खेळाचा, समावेश झाला आणि त्यानंतर आपल्याकडच्या क्रीडापानांवरही हा खेळ अधूनमधून दिसू लागला. पुण्यात आता शाळकरी मुली, आयटीतले तरुण, पन्नाशीच्या गृहिणी असे सगळे क्लासला येतात. येतात तसे पुष्कळ जण तीन-चार महिन्यांत जातातही. कोणाला वेळ मिळत नाही, कोणाचा गुडघा दुखतो, ते समजण्यासारखं आहे. पण बाकीचे ज्या कारणाने सोडतात, ते आम्हा शिकवणाऱ्यांना दूर करता येण्यासारखं आहे. त्यासाठी हे पत्र. विषय अंगाने करायचा असल्याने थोडं तपशिलात जावं लागेल.

मी क्रीडाशिक्षिका आहे. माहेर कराडजवळचं, वडील तालमीतले. जिऊ-जित्सूत माझा निळा (नवशिक्याच्या पांढऱ्यापुढचा) पट्टा आहे आणि आमच्या क्लबच्या सकाळच्या बॅचमध्ये नव्याने आलेल्यांकडे कोचच्या हाताखाली मी बघते. त्यांच्याकडून एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतं : "ताई, डाव येतात, पण रोलिंगमध्ये एकही आठवत नाही."

रोलिंग म्हणजे जोडीदाराबरोबरची सरावाची झुंज. दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नाही. सोमवारी आर्मबार (कोपराचा सांधा ताणणारी पकड), बुधवारी ट्रँगल (पायांनी गळा आवळणं), शुक्रवारी एखादी फेक, आणि रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलवर आणखी चार व्हिडिओ, असा अभ्यास चालतो. शिकवलेला प्रत्येक डाव आपल्या जागी बरोबर असतो. पण आर्मबार जिथून लागतो तिथवर पोहोचायचं कसं, आणि नाही लागला तर पुढे काय, हे दोन प्रश्न कोणी सोडवून दिलेले नसतात. रोलिंग सुरू होतं, समोरचा अर्ध्या मिनिटात छातीवर बसतो आणि पाठ केलेल्या डावांपैकी एकही तिथून लागत नाही. पाच मिनिटं दम कोंडून घरी गेलेल्या माणसाला वाटतं, आपलं वय झालं, आपल्या अंगात जोर नाही. वयाचा आणि जोराचा संबंध फार थोडा असतो. तिथून निघायची वाटच त्याला कोणी दाखवलेली नसते.

माझं म्हणणं असं की पहिल्या वर्षी प्रत्येक नवशिक्याकडे स्वतःचा एक छोटा आराखडा हवा, वहीच्या एका पानावर मावेल एवढा. ज्या स्थितींमध्ये तो खरोखर सापडतो, त्या प्रत्येक स्थितीतून पुढचं एक पाऊल त्याला ठाऊक असावं, आणि ते पाऊल आराखड्यातल्याच दुसऱ्या स्थितीत जाऊन पडावं. म्हणजे कुठेही फेकला गेला तरी तो आपल्या ओळखीच्या मुलखात असतो.

कुस्तीच्या घरात वाढलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. वस्ताद पोराची अंगकाठी बघून त्याला एक डाव देत आणि तोच घोटून घेत. आमच्या भागात गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची ढाक अजून लोकांच्या बोलण्यात आहे; १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारा पैलवान एका डावाने ओळखला जातो, यात सगळं आलं. हुकमी डाव म्हणजे मात्र सुटा डाव नसतो. त्या डावापर्यंत नेणारी पकड पैलवानाकडे असते, आणि समोरच्याने तोड केली तर त्या तोडीवरचा डावही तयार असतो.

जिऊ-जित्सूतले मोठे खेळाडू पाहा. १९९३ साली डेन्व्हरला पहिली यूएफसी (वेगवेगळ्या युद्धकलांच्या मिश्र लढतींची) स्पर्धा झाली, तेव्हा रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना शरण आणलं. प्रेक्षकांना ते गूढ वाटलं असेल, पण त्याचा मार्ग अगदी थोडक्यात सांगता येतो : अंतर मिटवून मिठी मारायची, जमिनीवर न्यायचं, वर किंवा पाठीमागे बसायचं, मग गळा. रॉजर ग्रेसीने २००९ची जागतिक स्पर्धा गाजवली ती प्रामुख्याने माउंटवरून, म्हणजे समोरच्याच्या अंगावर स्वार होऊन, गीच्या (खेळाच्या जाड पोशाखाच्या) कॉलरने गळा आवळून. हा डाव आमच्याकडे पांढऱ्या पट्ट्यालाही शिकवतात. समोरच्यांना तो येणार हे माहीत असायचं, तरी थांबवता येत नसे, कारण माउंटपर्यंतची प्रत्येक पायरी त्याने पक्की केलेली होती.

आता आराखड्याकडे. बहुतेक जण वरून सुरुवात करतात : आधी पाडायचं कसं, मग जिंकायचं कसं. माझ्या मते सुरुवात तळातून करावी, कारण नवशिक्याचा बहुतेक वेळ तिथेच जातो. माउंटखाली सापडलात तर पहिलं काम म्हणजे दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवणं. घाबरलेला माणूस हात सरळ करून वरच्याला ढकलतो, आणि सरळ झालेला हात म्हणजे वरच्याला आर्मबार आयता. कोपरं आत घेतली की टाचा ढुंगणाजवळ ओढायच्या आणि कंबर जोरात वर उचलायची. ऐंशी किलोचा माणूस तेवढ्याने उलटेलच असं नाही. पण तो पुढे झुकतो आणि तोल सावरायला त्याचे हात मॅटवर टेकतात. त्याच क्षणी कुशीवर वळायचं, कोपर आणि गुडघा एकमेकांकडे आणायचे आणि त्याच्या मांडीखालून आपला गुडघा आत सरकवायचा. त्याचा एक पाय आपल्या पायांत अडकला की हाफ गार्ड झाला, दुसराही गुडघा आत आला की पूर्ण गार्ड, म्हणजे तो आपल्या दोन्ही पायांच्या मध्ये. नवशिक्याची खरी सुटका इथे होते. अनेकांना हे एवढंच आठवडेच्या आठवडे करायला लावावं लागतं, आणि त्यात काही कमीपणा नाही.

साइड कंट्रोलखाली, म्हणजे समोरचा बाजूने आपल्या छातीवर आडवा पडलेला असताना, हिशोब तोच, हातांची जागा वेगळी. एका हाताचा पुढचा भाग त्याच्या गळ्याशी, दुसऱ्याचा त्याच्या कमरेच्या हाडाशी, म्हणजे त्याचं वजन आपल्या छातीऐवजी आपल्या हाडांवर येतं. कंबर उचलायची, खाली येताना ती बाजूला काढायची, झालेल्या फटीत गुडघा घालायचा. पुन्हा गार्ड. या दोन सुटका एकाच ठिकाणी पोहोचतात हे लक्षात आलं की नवशिक्याच्या चेहऱ्यावरची भीती उतरते. तोवर वाईट स्थिती म्हणजे संपलं असं त्याला वाटत असतं.

गार्ड म्हणजे आपण पाठीवर आणि समोरच्याची कंबर आपल्या पायांच्या विळख्यात. इथे मी एकच त्रिकूट शिकवायच्या मताची आहे, कारण समोरचा काय करतो त्याचं उत्तर त्यात असतं. आधी त्याची कॉलर धरून आणि गुडघे आपल्या छातीकडे ओढून त्याला खाली वाकवायचं. कोणालाही वाकलेलं राहवत नाही, तो पाठ ताठ करतो. तो मागे जात असतानाच आपण त्याच्याबरोबर उठून बसायचं, एक हात आपल्यामागे मॅटवर टेकायचा, दुसऱ्या हाताने त्याच्या खांद्यावरून जाऊन दंड कवळायचा आणि कमरेच्या धक्क्याने त्याला तिरपं उलटवायचं. हा हिप बंप स्वीप. पडला तर आपण थेट माउंटवर असतो. न पडण्यासाठी त्याने हात मॅटवर टेकला, तर तेच मनगट पकडून किमुरा (हात पाठीमागे पिळणारी खांद्याची पकड) लावायचा. १९५१ साली रिओमध्ये जपानी जुदोपटू मासाहिको किमुराने ब्राझीलच्या हेलिओ ग्रेसीला ज्या पकडीत हरवलं, तीच ही. आणि हात न टेकता त्याने डोकं खाली घालून आपल्याला पुन्हा पाठीवर रेटलं, तर त्याची मान आपल्या काखेत आलेली असते, तिथे गिलोटिन, म्हणजे पुढून गळा आवळणं. तीन डाव, पण सुरुवात एकच. कोणता लावायचा हे समोरच्याची हालचाल ठरवते, आपल्याला आठवत बसावं लागत नाही.

वर आल्यावरचा भाग मी पहिल्या काही महिन्यांत मुद्दाम साधा ठेवते. समोरच्याच्या बंद गार्डमध्ये असाल तर उभं राहून त्याचे पाय उघडायचे, गुडघा तिरपा घालून नी कटने पलीकडे जायचं, साइड कंट्रोल घट्ट करायचा, तिथून माउंट, माउंटवरून अमेरिकाना (हात डोक्याकडे वाकवून खांदा पिळणं) किंवा कॉलर चोक. स्पर्धेचे नियमही हाच चढ मान्य करतात. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिऊ-जित्सू महासंघाच्या नियमांत पाडण्याला २ आणि स्वीपला (खालून उलटवण्याला) २ गुण, गार्ड ओलांडण्याला ३, पोटावर गुडघा ठेवण्याला २, माउंटला किंवा दोन्ही पाय आत घालून पाठ घेण्याला ४, आणि प्रत्येक वेळी स्थिती ३ सेकंद टिकवावी लागते. हिप बंपने उलटवून माउंटवर बसणाऱ्याला एकाच हालचालीत २ आणि ४ मिळून ६ गुण पडतात. पांढऱ्या पट्ट्याच्या प्रौढांची लढत ५ मिनिटांची असते. तेवढ्या वेळात विचार करायला फुरसत कुठली.

उभ्याने काय करायचं, यावर वाद होतात. माझं मत सांगते. ज्याने कुस्ती किंवा जुदो केलेलं आहे त्याने आपलाच डाव न्यावा, एकेरी पट काढणाऱ्याला दुसरं काही शिकवू नये. ज्याने आयुष्यात कधी कोणाला पाडलेलं नाही, त्याने आधी पडायला शिकावं आणि स्पर्धेत उतरलाच तर कॉलर आणि बाही धरून खाली बसत गार्डमध्ये यावं. उडी मारून गार्ड घ्यायचा नाही, पांढऱ्या पट्ट्याला ती उडी नियमानेच बंद आहे, आणि ते योग्य आहे. समोरच्याच्या गुडघ्यावर अख्खं वजन येतं.

हा सगळा आराखडा एक नमुना आहे, तो जसाच्या तसा प्रत्येकाला चालणार नाही. आमच्या बॅचमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक काकू आहेत. त्यांचे कमरेचे सांधे आखडलेले, पाय आखूड. धिप्पाड माणसाच्या कमरेभोवती त्यांचे घोटे एकमेकांत अडकतच नाहीत. त्यांना बंद गार्डचं त्रिकूट देऊन काय उपयोग? त्यांचा आराखडा हाफ गार्डभोवती बांधला : कुशीवर राहायचं, वरचा हात समोरच्याच्या काखेखालून पाठीवर न्यायचा, डोकं त्याच्या छातीला लावायचं आणि गुडघ्यांवर उठायचं. माउंटखालून त्या जिथे पोहोचतात तिथूनच हे सुरू होतं, त्यामुळे साखळी तुटत नाही. चाळीस किलोंनी जड मुलांनाही काकूंना खाली धरून ठेवणं आता सोपं जात नाही. एक उंच, सडपातळ इंजिनीअरिंगचा विद्यार्थी आहे, त्याला किमुराच्या जागी ट्रँगल दिला, त्याचे पायच तसे आहेत.

सगळ्यात जास्त काळजी मला तालमीतून आलेल्या मुलांची वाटते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची मुलं नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात येतात, माती सुटते आणि अंगातली रग त्यांना इथे आणते. ताकद, दम, पकड, सगळं आमच्यापेक्षा सरस. पण पाठ टेकली म्हणजे चीत, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. म्हणून साइड कंट्रोलखाली आले की क्षणात पालथे होतात. कुस्तीत ते शहाणपण आहे. इथे पालथं होणं म्हणजे पाठ देणं : समोरचा सवारी भरतो, हात गळ्याखाली जातो आणि टॅप करावा (थाप मारून हार मानावी) लागतो. आपल्यापेक्षा हलक्या, आपल्याहून कमी ताकदीच्या मुलीकडून असा टॅप दोन-चार वेळा झाला की मुलगा येईनासा होतो. त्याला कोणी नीट सांगितलंच नाही, तर यात त्याचा काय दोष? अशा मुलाच्या पानावर मी वरचा भाग त्यालाच भरायला सांगते, कारण तो त्याला माझ्यापेक्षा चांगला येतो. खाली एकच ओळ ठळक असते : पाठीवर राहा, कुशीवर वळ, कोपर-गुडघा. ही एक सवय बदलली की ही मुलं भराभर पुढे जातात. महाराष्ट्राला या खेळात उद्याचे चांगले खेळाडू हवे असतील, तर ते या मुलांमधूनच येतील असं मला मनापासून वाटतं.

आराखडा कागदावर असून भागत नाही, तो मॅटवर घासून पाहावा लागतो. त्यासाठी रोलिंग नेहमी उभ्याने किंवा गुडघ्यांवरून सुरू न करता त्या त्या स्थितीतूनच सुरू करावं. दोन मिनिटं माउंटखाली. सुटलात की पुन्हा माउंटखाली. जोडीदाराने आधी निम्म्या जोराने, मग पूर्ण जोराने अडवावं. पाच मिनिटांच्या मोकळ्या रोलिंगमध्ये जी हालचाल एकदा करायला मिळते, ती अशा सरावात आठ-दहा वेळा होते. घरी जाऊन वहीत एकच ओळ लिहावी, आज साखळी कुठे तुटली. पुढच्या वेळी कोचला तेवढंच विचारावं आणि तेवढीच कडी बदलावी. एखाद्या जोडीदारावर डाव लागला नाही म्हणून लगेच टाकून देऊ नये. जड, हलका, उंच, बुटका, सगळ्यांवर तो तिथेच अडत असेल तर मात्र बदलावा. निदान तीन महिने तरी पान फाडू नये. आणि गळा किंवा सांधा सापडला की वेळेवर टॅप करावा. दुखावलेल्या कोपराने महिनाभर घरी बसणाऱ्याचा कुठलाच आराखडा पुढे सरकत नाही.

याला विरोध करणारे कोच आहेत आणि त्यांचं म्हणणं मी गांभीर्याने घेते. ते म्हणतात, इतक्या लवकर मुलाला एका वाटेला लावलं तर त्याची दृष्टी आखडते, पुढे पट्टा बदलला तरी तो तेच तीन डाव खेळत राहतो. असं होऊ शकतं. म्हणून वर्गात बाकीचे डाव शिकवू नयेत असं मी म्हणत नाही. शिकावेत, करून पाहावेत. पण रोलिंगच्या घंटेनंतर हाती धरायला काहीतरी पक्कं असेल तरच नवशिका दुसऱ्या वर्षापर्यंत टिकेल, आणि टिकला तरच त्याची दृष्टी रुंदावायची संधी आम्हाला मिळेल. हल्ली काही कोच डाव न सांगता छोटे खेळ लावतात : खालच्याने गुडघा आत आणायचा, वरच्याने तो येऊ द्यायचा नाही, बाकी ज्याचं त्याने शोधायचं. ती पद्धतही मला आवडते. तिथेही प्रत्येक स्थितीत काय साधायचं हे शिकणाऱ्याला स्वच्छ माहीत असतं.

स्वसंरक्षणासाठी येणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. रस्त्यावर आपणहून पाठीवर जायचं नसतं, तिथे गुण मोजणारं कोणी नसतं आणि समोरचा एकटा असेल याची खात्री नसते. त्यांच्या पानावर सगळ्या वाटा एकाच ठिकाणी संपाव्यात : टेक्निकल स्टँडअप, म्हणजे एक हात मागे, एक पाय पुढे ढालीसारखा, डोळे समोरच्यावर ठेवून उभं राहणं, आणि तिथून निघून जाणं. माउंटखालून आणि साइड कंट्रोलखालून सुटणं मात्र त्यांच्यासाठीही तेच. म्हणूनच तळातल्या दोन सुटका मी सगळ्यांच्या पानावर सारख्या ठेवते, मग ती व्यक्ती पदकासाठी आलेली असो की संध्याकाळी एकटीने घरी परतता यावं म्हणून.

क्लबचालकांना विनंती अशी की नव्याने आलेल्याला गी विकण्याआधी तासभर बसवून चार-पाच मुख्य स्थिती दाखवा आणि कोणतीही फेक शिकवण्याआधी पडायला शिकवा. पालकांनी क्लास बघायला जावं तेव्हा "किती डाव शिकवले?" असं न विचारता "माझी मुलगी खाली सापडली तर काय करते?" असं विचारावं, आणि ते तिलाच करून दाखवू द्यावं.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. महिला दिनाच्या सुमारास वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत स्वसंरक्षणाचे दहा-दहा डाव एकेका छायाचित्रासह छापले जातात. हेतू चांगला असतो, पण एका छायाचित्रावरून कोणालाच काही करता येत नाही. येत्या मार्चमध्ये दहाऐवजी एकच स्थिती घ्या, माउंटखालची, आणि कोपरं आत घेण्यापासून उभं राहण्यापर्यंतची पाच-सहा छायाचित्रं ओळीने छापा. त्यासाठी छायाचित्रकार पाठवायचा असेल तर आमची बॅच सकाळी सहाला मॅटवर असते, आणि बँकेतल्या काकू सुटून दाखवायला तयार आहेत. मी त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका,
सिंहगड रस्ता, पुणे